मुलजिम आणि मुजरिम

उर्दू शाळेत शिकवताना आम्ही मुलांकडून दोन शब्दांतला फरक हमखास घोकून घेतो. मुलजिम म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. मुजरिम म्हणजे ज्याचा गुन्हा शाबीत झाला तो. मराठीत आरोपी आणि गुन्हेगार. अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी' वाचताना वाटते, शाळकरी पोराला कळणारा हा फरक बातमीच्या मथळ्याला कळत नाही.

शेख आमच्याच पेशातले, मुंबईतले शिक्षक. ११ जुलै २००६ रोजी लोकल गाड्यांत सात स्फोट झाले, १८०हून अधिक माणसे गेली. त्या खटल्यात नऊ वर्षे तुरुंगात काढून २०१५ मध्ये तेरा आरोपींपैकी ते एकटेच सुटले. उरलेले बाराही निरपराध आहेत, असे त्यांनी या उर्दू पुस्तकात मांडले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराजणांना निर्दोष ठरवले. एकजण २०२१ मध्ये कैदेतच वारला होता. सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले.

पुस्तकाची भाषा जबानीची आहे, तिला नटवेपणा नाही. छळाची वर्णने वाचवत नाहीत. पण पुस्तक मिटल्यावर स्फोटात उद्ध्वस्त झालेली घरेही आठवतात. घाईने मुजरिम ठरवण्यात त्यांनाही न्याय मिळाला नाही. धोका खरा होता, म्हणूनच शब्द जपून वापरायला हवे होते. 'सूत्रधार', 'स्लीपर सेल' हे शब्द अटकेच्या दिवशीच छापले जातात. मग पुढारी ते सभेत नेतात आणि संशय एका माणसावरून साऱ्या मोहल्ल्यावर पसरतो.

आम्हा पन्हाळ्याच्या माणसांना हे लांबचे नाही. १६६० मध्ये शिवाजी महाराज येथून ज्या वाटेने विशाळगडावर गेले, तिच्यावरच गजापूर आहे. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी या गजापुरात मशीद आणि घरे फोडली गेली. तक्रार गडावरच्या बांधकामांची, मार गावातल्या घरांना! 'लँड जिहाद' हा शब्द भाषणांत रुळला, की अतिक्रमण हा महसूल खात्याचा प्रश्न राहत नाही; तो देशाच्या सुरक्षेचा होऊन बसतो.

शेवटी एक प्रश्न आपल्यालाही. मालेगावच्या २००८ च्या स्फोटातील सातही आरोपींना ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. निकालाआधीची सतरा वर्षे आपण त्यांना काय म्हणत होतो, मुलजिम की मुजरिम? वर्गात फळ्यावर हे दोन शब्द लिहिताना आता आमचाही हात क्षणभर थांबतो.