फिरती चित्रे आणि थांबलेली दप्तरे

छायाचित्राला कलेच्या पंक्तीत पान मांडावे की नाही, हा वाद आता पुष्कळ जुना झाला. तो ताजा होता त्या काळी, १९०५ च्या नोव्हेंबरात, आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी एडवर्ड स्टायकेन यांच्या साहाय्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, २९१ क्रमांकाच्या इमारतीत, छायाचित्रांसाठी एक लहानसे दालन उघडले. घराच्या क्रमांकावरूनच पुढे ते ओळखले जाऊ लागले. जागा बेताची आणि प्रदर्शने पाठोपाठ बदलणारी. आज एकाची चित्रे, थोड्याच आठवड्यांत दुसऱ्याची. १९०८ मध्ये रोदँची रेखाटने आणि मातीसची चित्रेही तेथे लागली, १९१६ मध्ये तरुण पॉल स्ट्रँडची छायाचित्रे लागली आणि १९१७ मध्ये दालन बंद झाले. परंतु छायाचित्रांचे दालन कसे चालवावे, याचा जो वस्तुपाठ तेथे घालून दिला गेला, तोच आज दिल्लीपासून लंडनपर्यंत गिरवला जात आहे. भिंत कायम आणि चित्रे बदलती, हे त्याचे सूत्र.

या पद्धतीचे गुण उघड आहेत. हयात कलावंताला तिच्यामुळे जागा मिळते, आणि प्रेक्षकाला एकाच दालनात वर्षभरात पाचसहा निरनिराळ्या नजरा भेटतात. दोष मात्र तितकासा ध्यानात येत नाही. आपणां बदलीच्या नोकरीतील माणसांना तो लवकर उमगावा. चित्रांचीही बदलीच होत असते! रुजू झाली, ओळख होऊ लागली, तोच कार्यमुक्तीचा आदेश. चित्र उतरले की ते एखाद्या धनिकाच्या घरी जाते किंवा दालनाच्या कोठीत पडते. भिंतीला त्याची आठवण नसते, आणि कालांतराने आपल्यालाही राहत नाही.

दयानिता सिंग यांनी या दोषावर जो उपाय योजला, त्याचा परामर्श घेण्याचा आमचा येथे हेतू आहे. १९६१ मध्ये दिल्लीत जन्मलेल्या, अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत आणि पुढे न्यूयॉर्कला शिकलेल्या या छायाचित्रकर्त्रीला २०२२ मध्ये हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. दक्षिण आशियातील छायाचित्रकाराला तो प्रथमच मिळाला. पण पुरस्काराहूनही महत्त्वाची आहेत ती त्यांनी घडविलेली लाकडी संग्रहालये. सागवानी लाकडाची, माणसाहून उंच, बिजागरींवर उघडणारी आणि घडीच्या पडद्यासारखी हवी तशी उभी करता येणारी ही कपाटे आहेत. त्यांच्या खाचांतून कृष्णधवल छायाचित्रे बसविलेली असतात. काही दर्शनी, तर काही त्याच कपाटाच्या पोटात. दर्शनी चित्र काढून आतले पुढे आणावे, क्रम मोडावा, नवा लावावा. संग्रहालयात नित्य नवे प्रदर्शन, आणि तरीही एकही चित्र घराबाहेर गेलेले नाही! अशा अनेक कपाटांच्या समूहाला त्यांनी ‘म्युझियम भवन’ असे अर्धे इंग्रजी, अर्धे देशी नाव दिले आहे. लंडनच्या हेवर्ड गॅलरीत २०१३ मध्ये यांतील काही संग्रहालये मांडली गेली. पुढे दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयातही ती आली. भिंतीवरची चित्रे बदलण्याऐवजी चित्रांनाच स्वतःची चालती भिंत द्यावी, ही कल्पना आम्हांला स्टिग्लिट्झच्या परंपरेतील खरी पुढची पायरी वाटते.

या समूहातील २०१२ चे ‘फाइल म्युझियम’ आणि त्याच विषयावरील २०१३ चे ‘फाइल रूम’ हे पुस्तक यांच्याकडे आपले विशेष लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे. विषय आपल्याच रोजच्या पानातला आहे. फायलींचे ढीग, छताला भिडलेल्या मांडण्या, दोऱ्यांनी आवळलेले गठ्ठे, कडा झिजून लोकरीसारखे झालेले कागद, आणि या साऱ्यांत कोठेतरी एक टेबल, एक खुर्ची, क्वचित एक माणूस. लेखणीच्या नोकरीत ज्यांचे केस पिकले, त्यांनीही आपली अभिलेखखोली अशी पाहिलेली नसते. आम्ही फायलीकडे पाहतो ते तिच्या विषयाकडे आणि क्रमांकाकडे. तिच्या आकाराकडे, वजनाकडे, तिच्यावर साठलेल्या काळाकडे नव्हे. सिंग यांनी विषय आणि क्रमांक बाजूला सारून उरले ते टिपले. या चित्रांखाली गाव, कचेरी, साल यांची नोंद नाही. प्रकाशही बेताचा, एखाद्या उंच खिडकीतून आलेला किंवा नळीच्या दिव्याचा. त्या प्रकाशात कागदांचा तो डोंगर एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीसारखा घरगुती आणि गूढ दिसू लागतो.

त्यांच्या २०१६ च्या ‘टाइम मेझर्स’ या रंगीत मालिकेत तर दप्तराची केवळ गाठोडी आहेत. तांबड्या कापडात बांधलेली, वरून पाहिलेली. प्रत्येकाचा तांबडा रंग वेगळा विटलेला, प्रत्येकाची गाठ वेगळ्या हाताने मारलेली. मराठी वाचकाला येथे पुण्याच्या पेशवे दप्तराचे रुमाल आठवल्याखेरीज राहणार नाहीत. त्या रुमालांतूनच रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. सरदेसायांनी गाठ सोडली आणि आतले वाचले. सिंग गाठ सोडत नाहीत, गाठीचेच चित्र काढतात. दोन्ही कामे दप्तराविषयीच्या आदरातूनच होतात, पण ती एक नव्हेत, हे विसरता कामा नये.

येथेच आमच्या आक्षेपाला प्रारंभ होतो. विषय पुसला की सर्व फायली सारख्याच सुंदर दिसतात. परंतु त्या सारख्या नसतात. एका गठ्ठ्यात शंभर वर्षांपूर्वीचा जमिनीचा निवाडा असतो आणि तो तेथेच शांत पडून राहावा हे योग्य असते. शेजारच्या गठ्ठ्यात एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचा कागद असतो आणि त्याचे तेथे पडून राहणे हा अन्याय असतो. कॅमेरा दोघांवर सारखीच माया करतो. कागदावरची धूळ चित्रात मखमलीसारखी दिसते. पण ज्याचा अर्ज त्या धुळीखाली आहे, त्याला ती मखमल वाटणार नाही. नोंद न देण्याने चित्राला व्यापकता आली हे आम्हांला मान्य आहे. मात्र त्या व्यापकतेची किंमत अर्जदाराने चुकविली, असेही म्हणावे लागते.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे आणि आमच्या मते या कलाकृतीचे मर्म त्यातच आहे. लाकडी संग्रहालयात क्रम बदलला की नवा अर्थ निघतो. आज खुर्चीशेजारी आलेले चित्र उद्या खिडकीशेजारी गेले, तर दोन्ही चित्रे नव्याने बोलू लागतात. दप्तराचा धर्म नेमका याच्या उलट आहे. अभिलेखखोलीत जागा चुकलेली फाईल म्हणजे हरवलेली फाईल. तेथे क्रम हाच अर्थ. तेव्हा जे जागेवरून हलता कामा नये, त्याचीच चित्रे सतत हलणाऱ्या कपाटात ठेवण्यात सिंग यांनी एक खोल विरोध साधला आहे. तो जाणूनबुजून साधला की कसे, याची चिकित्सा करण्याचे कारण नाही. कलाकृतीत तो आहे, एवढे पुरे.

या विरोधाची कळ ज्या चित्रांत सापडते, ती चित्रे दप्तराच्या रक्षकांची आहेत. कागदांच्या कड्यांमध्ये बसलेले हे स्त्रीपुरुष पाहुण्याला अव्यवस्थेत बुडालेले वाटतात. पण त्यांच्या बसण्यात एक मालकीची निश्चिंती आहे. कोणता कागद कोठे आहे ते त्यांना ठाऊक आहे, आणि पुष्कळदा ते दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते. सूची कागदावर असो वा नसो, ती त्यांच्या मस्तकात आहे. असा माणूस सेवानिवृत्त होतो तेव्हा फुलांचा हार आणि नारळ देऊन आपण एक संपूर्ण सूची घरी पाठवितो! या चित्रांपुढे आमचा पहिला आक्षेप पुष्कळसा सौम्य होतो, कारण येथे सौंदर्य कागदाचे न राहता त्याची राखण करणाऱ्याचे होते. संग्रहालयात अशी चित्रे अधिक वेळ दर्शनी ठेवावीत आणि निर्मनुष्य मांडण्या पोटात ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे. क्रम बदलण्याची मुभा कलावतीनेच दिलेली असल्याने ती आगाऊपणाची ठरू नये.

केंद्राच्या मंत्रालयांतून आता टिपणी संगणकाच्या पडद्यावर चढते. फायलीला वजन राहिलेले नाही, दोरा नाही, गाठही नाही. विलंबाला मात्र त्यामुळे सुटी मिळाली आहे असे नाही. धूळ दिसत नाही, इतकेच. म्हणून ही चित्रे योग्य वेळी काढली गेली असे आम्ही म्हणतो. त्यांत गतकाळाचा उमाळा आहे, तो रसिकांनी घ्यावा. आपण त्यांतून आणखी एक गोष्ट घ्यावी. ज्या कामाला कोणी कधी पाहण्याजोगे मानले नाही, ते काम एका चांगल्या कलावतीने निरखून पाहण्याजोगे ठरविले आहे. तेव्हा ते निरखून पाहता येईल असे करणे, हे तिचे नव्हे, आपले काम आहे.