‘सेव्ह मी’ : एका स्मरणसूत्राची भाषिक चिकित्सा

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने श्वास मंदावलेल्या माणसास वाचविण्याचे शिक्षण, आणि नॅलोक्सोन हा उतारा, ती द्रव्ये घेणाऱ्यांच्याच हाती देण्याचा उपक्रम २०१२ पासून चालू आहे. (‘अतिमात्रा’ हा शब्द सदोषच, पुडीतील फेन्टानिलचे प्रमाण घेणाऱ्यासच ठाऊक नसते, तेथे मात्रा कसली आणि अति काय?) एप्रिल २०१६ मध्ये प्रांताने सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली, त्यानंतर हे शिक्षण फार पसरले. ‘सेव्ह मी’ ही सहा इंग्रजी अक्षरे त्याचा कणा होत : हलवून हाक मारणे, श्वासमार्ग मोकळा करणे, तोंडाने श्वास देणे, अजमावणे, औषध देणे, पुन्हा अजमावणे.

सूत्राचा अर्थ ‘मला वाचवा’. ज्याची वाचा बंद पडली आहे त्याच्या मुखी हे वाक्य घातले आहे. सहाही आज्ञा मात्र द्वितीय पुरुषी. आज औषध देणारा काल स्वतःच निपचित पडलेला असू शकतो. त्यामुळे ‘मी’ आणि ‘तू’ यांची अदलाबदल येथे केवळ अलंकार राहत नाही. औषधाच्या आधी श्वासाला स्थान देणारा क्रमही निर्दोष आहे.

दोष आहे तो ‘अजमावणे’ या पदात. क्रियापद सकर्मक, पण कर्म लुप्त. काय अजमावयाचे? श्वास की शुद्ध? तेथील अवैध मालात बेन्झोडायझेपिन वर्गाची गुंगीची द्रव्ये मिसळलेली आढळतात, आणि नॅलोक्सोनचा त्यांवर इलाज चालत नाही. श्वास पूर्ववत होतो, डोळे उघडत नाहीत. ‘शुद्ध’ हेच कर्म धरणारा नवशिका मग औषधावर औषध देत राहतो. सवय जडलेल्या देहास उलट्या आणि थरकाप यांनी विनाकारण ग्रासले जाते. उलट, माणूस घोरतो आहे म्हणून त्यास गाढ झोपलेला समजणारा त्याहून मोठी चूक करतो. ती घरघर कोंडलेल्या श्वासमार्गाची असू शकते. शिक्षक हे कर्म तोंडी पुरवितात, हे खरे. परंतु स्मरणसूत्र असते ते शिक्षक जवळ नसतानाच्या घटकेसाठी.

नॅलोक्सोनचा अंमल साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. तोवर कोणीतरी शेजारी बसून राहिले पाहिजे. त्या बसून राहण्याला सूत्रात अक्षर नाही.