जोयड्याचे सिद्दी : तीन ग्रंथ आणि एक शब्द

राष्ट्राचा इतिहास, त्यातील लोकसमूह व त्यांच्या श्रद्धा यांची ओळख विद्यार्थ्यांना प्रामुख्याने ग्रंथांतून होते. हे ग्रंथ माणसांना कोणत्या रकान्यांत बसवितात, हे तपासणे म्हणूनच अध्यापकाचे काम ठरते. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील सिद्दी समाज या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कानडा जिल्ह्यावरील पंधरावा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. (सुपा हे गाव पुढे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले, हे खंड वाचताना ध्यानात ठेवावे.) त्यात लोकांची मांडणी जात व धर्म यांनुसार केलेली आहे. सिद्दी मात्र हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांत आहेत. अशा मांडणीत त्यांचे एकपण हरवते. टी. सी. पालाक्षप्पा यांच्या 'द सिद्दीज ऑफ नॉर्थ कानरा' (१९७६) या ग्रंथाने या समाजालाच अभ्यासविषय केले, हे त्याचे महत्त्व. पाशिंग्टन ओबेंग यांचा 'शेपिंग मेंबरशिप, डिफायनिंग नेशन' (२००७) आणखी पुढे जातो. श्रद्धा व सादरीकरण यांतून सिद्दी राष्ट्रातील आपले स्थान कसे घडवितात, हा त्याचा विषय होय. त्यातील 'आफ्रिकन इंडियन' ही संज्ञा उपयुक्त असली तरी तीही अभ्यासकाने बाहेरून दिलेलीच आहे.

खरी अडचण शब्दांची आहे. 'सिद्दी' हा शब्द सामान्यतः अरबी 'सय्यिदी', म्हणजे 'माझे स्वामी', यावरून आला असे मानतात. गुलामांच्या वंशजांना स्वामीवाचक नाव मिळावे, हा इतिहासाचा विलक्षण खेळच. 'हबशी' हा शब्द 'हबश' म्हणजे अॅबिसिनियाकडे बोट दाखवितो. तेथून आलेल्या मलिक अंबराने (मृत्यू १६२६) निजामशाही सावरली, खडकी वसविली. त्यामुळे जोयड्याच्या सिद्दी विद्यार्थ्याला "तू मलिक अंबराचा वंशज" असे सांगण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. हेतू चांगला, पण इतिहास चुकीचा. येथील सिद्दींचे पूर्वज बहुतांशी पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम होते. पोर्तुगीजांचा हा व्यापार मुख्यतः मोझांबिकच्या किनाऱ्यावरून चाले. सह्याद्रीच्या जंगलात पळून आलेल्यांच्या वस्त्या वाढत गेल्या. पोर्तुगीज सत्तेने गुलामगिरी कायद्याने संपविली ती १८६९ साली. सेनापतीचा उसना वारसा देऊन आपण त्यांच्या पूर्वजांचे हे पलायन झाकतो. माझ्या मते ते अंबराच्या पराक्रमाहून कमी नाही.

शासकीय नोंदीही याच पठडीतल्या. उत्तर कन्नडातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. शेजारच्या बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना त्यासाठी २०२० उजाडावे लागले.