दोन तारा म्हणजे दुप्पट भरवसा?

कारखान्यांतील संगणक-जाळ्यांवरच्या लिखाणात एक विधान हमखास आढळते : जोडणी दुहेरी करा, म्हणजे एक तुटली तरी काम थांबणार नाही. विधान खोटे नाही, पण अपुरे आहे.

समजा, दोन ईथरनेट जाळी आपण दोन तारांनी नुसतीच जोडली. आता वर्तुळ तयार झाले. सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश त्यात फिरतच राहतो, कारण ईथरनेटच्या संदेशाला वयोमर्यादा नसते. प्रतींचा पूर येतो आणि दोन्ही जाळी ठप्प होतात. म्हणून एक तार मुद्दाम बंद ठेवायची व दुसरी तुटली की उघडायची. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेली 'स्पॅनिंग ट्री' पद्धत हेच करते. पण मूळ रूपात तिला ३० ते ५० सेकंद लागतात. 'एमआरपी' ही वलयपद्धत नेहमीच्या मांडणीत २०० मिलिसेकंदांच्या आत सावरते. टाकी भरणाऱ्या पंपाला एवढे पुरे. वीज उपकेंद्राच्या संरक्षणाला मात्र नाही, कारण तेवढ्यात ५० हर्ट्झ विजेची १० आवर्तने होऊन जातात. तिथे 'पीआरपी' वापरतात : प्रत्येक संदेश एकाच वेळी दोन स्वतंत्र जाळ्यांतून धाडायचा, आधी पोचेल तो घ्यायचा, मागून येणारा टाकून द्यायचा. खंड शून्य!

माझा आक्षेप या 'शून्या'च्या कौतुकाला आहे. एक जाळे बंद पडले तरी काहीच बिघडत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मुद्दाम देखरेख ठेवली नाही, तर त्या दिवसापासून आपण एकाच तारेवर असतो.

दुसरा आक्षेप गणिताचा. प्रत्येक तार बंद असण्याची शक्यता १/१०० धरली, तर दोन्ही बंद असण्याची १/१०,००० येते. पण बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच. दोन्ही तारा एकाच चरातून नेल्या, तर कुदळीचा एक घाव पुरतो. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ अग्निबाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्यात दिशादर्शनाचे दोन संगणक होते, पण दोघांत आज्ञावली एकच. आधी राखीव संगणक बंद पडला, सुमारे ५० मिलिसेकंदांनी मुख्यही, त्याच चुकीने.

तेव्हा पद्धत निवडताना तीन प्रश्न विचारावेत. खंड किती वेळ चालेल? एक जोडणी गेली तर कोणाला कळेल? दोन्ही एकदम कशाने जातील? आणि वर्गात शक्यतांचा गुणाकार शिकवताना 'स्वतंत्र' हा शब्द फळ्यावर जरूर अधोरेखित करावा.