'जंगलाचं देणं': दान की ऋण?

मराठी ललित गद्यात निसर्ग दीर्घकाळ मनोवस्थेची पार्श्वभूमी म्हणून वावरला. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने (१९५६) त्याला स्वतंत्र विषयाची प्रतिष्ठा दिली. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांच्या टोळीला कादंबरीचे नायकत्व बहाल केले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे लेखन याच परंपरेतले. मात्र त्याचा उगम वेगळा आहे. त्यांनी जंगल प्रथम नोकरी म्हणून पत्करले. वनखात्यातील हा अधिकार केवळ चरित्राचा तपशील नव्हे. त्यांच्या निवेदकाचा मूलभूत पेच तेथेच आहे.

डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या 'लाइफ ऑन अर्थ'सारख्या (१९७९) दूरचित्रवाणी मालिकांनी वन्यजीव घराघरांत पोहोचवले. तथापि, पडद्यावर पक्षी दिसतो. त्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस त्याला काय म्हणतो, हे बहुधा चौकटीबाहेर राहते. चितमपल्लींचे लेखन नेमके तेथून सुरू होते. त्यांचा निवेदक पाहतो, त्याहून अधिक ऐकतो. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार हे शिकार सोडून निसर्गरक्षणाकडे वळलेले गृहस्थ. त्यांच्या लेखनात ते वाटाडे म्हणून नव्हे, तर गुरू म्हणून येतात. गोंड, ढीवर यांच्या बोलीतील नावे या गद्यात अलंकार म्हणून येत नाहीत. ती ज्ञानाची साधने ठरतात. 'पक्षिकोश' हा या वृत्तीचाच परिपाक होय. वन्यजीवनाचे मराठीतून चिंतन करण्यासाठी लागणारी परिभाषा येथे लोकव्यवहारातून सिद्ध होते, हे त्यांचे वाङ्मयीन कर्तृत्व निर्विवाद आहे.

परंतु 'जंगलाचं देणं' या शीर्षकातील 'देणं' हा शब्द द्व्यर्थी आहे: जंगलाने दिलेले दान, आणि जंगलाचे फेडायचे ऋण. चितमपल्लींचे गद्य पहिल्या अर्थाशी अधिक रमते. १९२७च्या वन कायद्याने आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वनवासींचा जंगलातील वावर नियमबद्ध केला. १९७५मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. शब्द घेणारा लेखक आणि नियम राबवणारा अधिकारी येथे एकच आहे. या दोन भूमिकांतील संघर्ष त्यांच्या शांत, कृतज्ञ शैलीत विरघळून जातो. ही शैली त्यांचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही. कृतज्ञता प्रांजळ असली, तरी ती प्रश्नाचे रूप क्वचितच घेते.

२००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ची 'पद्मश्री' यांनी या लेखनावर मान्यतेची मोहोर उमटली. समीक्षेचे काम तेथे संपत नाही. मुदखेडच्या वाचकाला जंगल म्हणजे किनवट-माहूरचा डोंगराळ टापू. गोंड, कोलाम, आंध यांची वस्ती तेथेही आहे. चितमपल्ली वाचून तिकडे वळणाऱ्याने शब्दांबरोबर ते शब्द देणाऱ्यांच्या जगण्याचीही नोंद घेतली, तर त्या शीर्षकाचा दुसरा अर्थ मराठीत पुरा होईल.