बाखचे वारसदार

बाख, बेथोव्हन, ब्राम्स या जर्मन संगीतकारांची थोरवी आपण गृहीत धरतो. ती टिकली कशी, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. माझ्या मते तिचे बरेचसे श्रेय पुढच्या पिढ्यांच्या कष्टांना जाते.

योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये लाइपझिगला वारला. त्याच्या कीबोर्डच्या रचना जाणकारांच्या हातात राहिल्या, पण ‘सेंट मॅथ्यू पॅशन’सारखी विराट गायनकृती विस्मरणात गेली. ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोनने ती पुन्हा सादर केली. त्याने तिच्यात बरीच काटछाट केली म्हणून शुद्धतावादी आजही नाक मुरडतात. पण त्या काटछाटीमुळेच बाख पुन्हा लोकांच्या कानांवर पडला, हे विसरून कसे चालेल?

ब्राम्स मेंडेल्सोनच्याही पुढे गेला. १८८५ च्या त्याच्या चौथ्या सिम्फनीचा शेवटचा भाग बाखच्या एका कँटाटातल्या, म्हणजे गायन आणि वाद्यांसाठीच्या रचनेतल्या, खर्जाच्या ओळीवर उभा आहे. ही आठ बारची ओळ तबल्याच्या एकल वादनातल्या लेहऱ्यासारखी पुन्हा पुन्हा येते आणि तिच्या आधाराने तीस रूपे उलगडतात. आधीच्या तीन भागांत गप्प बसलेले ट्रॉम्बोन इथे पहिल्याच आवर्तनात गरजतात. मध्यावर सगळा वाद्यवृंद मागे सरतो आणि एकटी बासरी अडखळत, जणू श्वास शोधत गाते. मूळ ओळ कधी खर्जात असते, कधी वर चढते, कधी तिची नुसती चाहूल लागते. एवढ्या कडक शिस्तीतून एवढे दुःख कसे काय वाहते, याचे मला दरवेळी नवल वाटते.

विसाव्या शतकात हार्नोनकूर आणि लेओनहार्ट या संगीतसंचालकांनीही हीच मेहनत वेगळ्या वाटेने केली. १९७१ पासून त्यांनी बाखचे धार्मिक कँटाटा जुन्या घडणीच्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित केले. जड, भारदस्त बाखची सवय झालेल्यांना तो एकदम चपळ, नाचरा ऐकू आला.

आजच्या मैफलींबद्दल माझी तक्रार आहे. बेथोव्हनच्या त्याच त्या सिम्फनी वर्षानुवर्षे वाजतात. त्या महान आहेतच, पण वारसा तेवढाच नाही. फेलिक्सची बहीण फॅनी हेन्झेल हिने तेराव्या वर्षी बाखची २४ प्रिल्यूड तोंडपाठ केली होती. तिची सहा गाणी भावाच्या नावावर छापली गेली. १८४१ मध्ये तिने बारा महिन्यांवर ‘दास यार’ ही पियानोमालिका रचली आणि शेवटी, बाखच्याच परंपरेला धरून, सरत्या वर्षाचे एक चर्चगीत गुंफले. ही मालिका छापून यायला १९८९ साल उजाडले. ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीत बाख शोधणाऱ्या श्रोत्याने ती ऐकायलाच हवी, आणि आयोजकांनीही तिला मुख्य कार्यक्रमात जागा द्यायला हवी.