दोन निळ्या खुणा

नोव्हेंबर २०१४मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या. संदेश उघडला गेला, एवढंच त्या सांगतात. आपण मात्र ‘त्याला कळलं’ असं धरून चालतो. आपले नैयायिक इथे थांबवतील: शब्द कानावर पडणं वेगळं, शाब्दबोध वेगळा.

पूर्वी आपल्या मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला निरोप जायचा. उशीर व्हायचा, पण निरोप नेणारा उत्तर घेऊन परतायचा.

गेल्या वर्षी आजारी मित्राचा संदेश मी उघडला. म्हटलं, उद्या सविस्तर लिहू. त्याला निळी खूण दिसली असणार. दुसऱ्या दिवशी तो गेला. खूण खोटी नव्हती हो. वाचलं होतंच मी. उत्तर तेवढं राहिलं.

आज घरी गेल्यावर एक तरी राहिलेलं उत्तर लिहा.